कॉलेज निवडणं आणि पहिलं सेमिस्टर, दोन्हीबद्दल बोलूया (पालक आणि मुलं, दोघांसाठी धागा)

निळीशाई:
मी पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवते, बरीच वर्षं झाली. ॲडमिशनचे दिवस आले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात, अमुक कॉलेज मिळतंय आणि तमुकही मिळतंय, कुठलं घेऊ. मग चार-पाच महिन्यांनी त्यातल्याच काही घरांतून परत फोन येतो, पोरगं दोन विषयांत गेलंय, खोलीतून बाहेर पडत नाही, नीट बोलत नाही, आता काय करू. पहिल्या प्रश्नावर घरात महिनोन्महिने खल चाललेला असतो आणि दुसऱ्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं असं की कॉलेज नीट बघून, चौकशी करून निवडा, पण मुलगा किंवा मुलगी आत गेल्यावर काय करते, कुणात मिसळते, अडलं की कुणाकडे जाते यावर पुढचं जास्त ठरतं. हे मी नुसतं अनुभवावरून बोलत नाहीये. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा अमेरिकेतला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या नावाच्या कॉलेजातून निघालेल्यांचा पगार जास्त असतो हे सगळ्यांना दिसतं, पण तिथे जाणारी मुलं मुळातच हुशार आणि धडपडी असतात, मग तो पगार कॉलेजमुळे म्हणायचा की मुलामुळे? म्हणून त्यांनी अशी मुलं शोधली ज्यांना साधारण सारख्याच दर्जाच्या कॉलेजांकडून होकार-नकार आले होते, पण काहींनी जास्त नावाजलेलं कॉलेज घेतलं आणि काहींनी कमी नावाजलेलं. पुढे कमाईत म्हणावा असा फरक सापडला नाही. एक अपवाद मात्र होता, कमी उत्पन्नाच्या घरातून आलेल्या मुलांना नावाजलेल्या कॉलेजाचा खरंच फायदा झाला. हा अपवाद लहान नाही, त्यामुळे "नावाला काही अर्थ नाही" असं मी म्हणणार नाही.

आता बघायला जाण्याबद्दल. ओपन डेला (कॉलेज सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात त्या दिवशी) जाऊ नका, किंवा गेलात तरी तेवढ्यावर ठरवू नका, त्या दिवशी सगळीकडे रांगोळी-फुगे आणि हसरे स्वयंसेवक असतात. मधल्या वारी, वर्ग चालू असताना जा. कॉरिडॉरमधून चालत जा आणि वर्गात किती मुलं बसलीयेत ते दारातून बघा, सेमिस्टरच्या मध्यावर वर्ग अर्धा रिकामा असेल तर त्याचं कारण मुलांना विचारा. लॅबमध्ये गेलात तर यंत्रं किती आणि कुठली यापेक्षा ती वापरात आहेत का ते बघा, प्लॅस्टिकची कव्हरं तशीच चढवलेली आणि त्यावर धूळ असेल तर ते यंत्र पाहुण्यांना दाखवायला ठेवलंय. एका टेबलाशी किती मुलं उभी आहेत, हात कुणाचा चाललाय आणि बाकीचे वहीत नुसतं उतरवून घेतायत का, हे पाच मिनिटं थांबून बघितलं तरी कळतं. लायब्ररीत संध्याकाळी बसायला जागा मिळते का. नोटीस बोर्डवरच्या नोटिसा कुठल्या तारखांच्या आहेत. आणि कॅन्टीनमध्ये बसलेल्या कुठल्याही दोन मुलांना एवढंच विचारा की मागच्या वेळी लेक्चर बुडालं तेव्हा ते भरून काढलं का, आणि कुणाला एखादा विषय समजत नसेल तर तो कुणाकडे जातो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन आलं, एखाद्या सरांचं किंवा मॅडमचं नाव घेऊन आलं, तर मला ते कॉलेज आवडतं.

तुम्ही सगळ्यांनी पण लिहा, विशेषतः आत्ता शिकत असलेल्या मुलांनी.

रानवाट:
छान धागा ताई. माझ्या लेकीचा फॉर्म भरायचाय आणि रँकिंगच्या याद्या बघून डोकं फिरलंय, एकाच कॉलेजचा एका यादीत नंबर वर तर दुसऱ्या यादीत ते कुठे दिसतच नाही. मिस्टरांचा भर रँकिंगवर, मुलीचा भर मैत्रिणी कुठे जातायत त्यावर, आणि मी मधल्या मध्ये. रँकिंग कितपत धरावं?

आकडेमोड:
रानवाट, रँकिंग म्हणजे कुणीतरी ठरवलेल्या गोष्टींना कुणीतरी ठरवलेलं वजन देऊन केलेली बेरीज. वजन बदललं की नंबर बदलतो, कॉलेजात एक वीटही हललेली नसते. क्यूएस नावाची संस्था जगभरच्या विद्यापीठांची यादी काढते, त्या यादीत बरीच वर्षं ४० टक्के वजन जगभरच्या प्राध्यापकांना विचारून काढलेल्या प्रतिष्ठेला होतं, २०२४ च्या यादीपासून ते ३० टक्के केलं. म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसांना हे विद्यापीठ कसं वाटतं हा त्यातला सगळ्यात मोठा भाग. तुमच्या मुलीला पहिल्या वर्षी कोण शिकवणार, कसं शिकवणार, ते त्यात येतच नाही.

शिवाय बरीचशी माहिती कॉलेजं स्वतःच भरून देतात. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. यूएस न्यूज हे तिथलं प्रकाशन विद्यापीठांची यादी काढतं, त्यात ते दुसऱ्या नंबरवर होतं, २०२२ मध्ये तिथल्याच मायकल थॅडियस नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी वर्गातली मुलांची संख्या, शिक्षकांची पात्रता वगैरे आकडे तपासून ते जुळत नाहीत असं जाहीर मांडलं, पुढे विद्यापीठानं काही माहिती चुकीची गेली हे मान्य केलं आणि त्याच वर्षी नंबर १८ वर आला. आत शिकणाऱ्या मुलांसाठी त्या वर्षी काय बदललं? काहीच नाही.

मी रँकिंग एकाच कामासाठी वापरतो, नावं गोळा करायला. यादीत आधी ऐकलेली नव्हती अशी चार नावं सापडली की त्यांची स्वतंत्र चौकशी करायची.

प्लेसमेंटच्या आकड्यांबद्दल त्याहून जास्त सावध राहा. "सरासरी पॅकेज" असं लिहिलं असेल तर मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार क्रमानं लावले की मधोमध येणारा आकडा. दहा मुलांपैकी नऊ जणांना ४ मिळाले आणि एकाला ४०, तर सरासरी येते ७.६, जी त्या दहांपैकी एकालाही मिळालेली नाही, आणि मध्यक ४ च राहतो. आणि "९५ टक्के प्लेसमेंट" म्हणजे कशाच्या ९५ टक्के ते विचारा. भरती झालेल्या सगळ्या मुलांच्या, की शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेल्यांच्या, की प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवून सगळ्या अटींत बसलेल्यांच्या? हे तीन वेगळे आकडे असतात आणि बऱ्याचदा छापला जातो तो तिसरा.

रानवाट:
बापरे, हा सरासरीचा हिशोब मी आज मिस्टरांना दाखवणार. आता पुढचा प्रश्न, पसंतीक्रमाचा फॉर्म. ओळखीतले एक काका म्हणतात की जिथे मिळण्याची खात्री आहे ते कॉलेज पहिलं टाका, वरचं टाकून ते मिळालं नाही तर हातचंही जाईल. हे खरंय का?

आकडेमोड:
बहुतेक पद्धतींत खरं नसतं, पण तुमचा फॉर्म कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी बघायला लागेल.

यामागे गणित आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेशावरच एक छोटासा पेपर लिहिला. त्यांची पद्धत अशी, प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीच्या दारात उभा राहतो, कॉलेज आपल्या गुणवत्तेच्या क्रमानं जागेपुरती मुलं तात्पुरती धरून ठेवतं आणि बाकीच्यांना नकार देतं. नकार मिळालेली मुलं आपापल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात आणि तिथे, हे महत्त्वाचं, त्यांचा विचार आधीपासून धरलेल्या मुलांच्या बरोबरीनं होतो, तू आम्हाला दुसरं टाकलंस म्हणून मागे हो असं होत नाही. असं करत करत एकही नवीन नकार उरला नाही की यादी पक्की. या पद्धतीत खोटा क्रम देऊन विद्यार्थ्याला कधीही फायदा होत नाही हे सिद्ध झालेलं आहे. वरचं कॉलेज पहिलं टाकून ते हुकलं तरी खालच्या कॉलेजातला तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. यावरच्या आणि पुढच्या कामासाठी शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गेल त्याआधी २००८ मध्ये वारले होते.

पण काकांचं म्हणणं जिथे लागू पडतं अशाही पद्धती आहेत. बॉस्टनच्या शाळांत पूर्वी आधी सगळ्या "पहिली पसंती" वाल्यांना जागा देऊन टाकायचे आणि उरलेल्या जागा मग दुसऱ्या पसंतीवाल्यांना. तिथे पहिली पसंती हुकली की दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर भरून गेलेली असायची, म्हणून जाणकार पालक हिशोब करून क्रम लावायचे आणि साधी माणसं फसायची. २००५ मध्ये त्यांनी ती पद्धत बदलली.

त्यामुळे नियमपुस्तिकेत एकच गोष्ट शोधा, जागा देताना आधी मार्क बघतात की आधी पसंतीचा नंबर. आधी मार्क असतील तर मनातला खरा क्रम तसाच्या तसा भरा. पसंतीच्या संख्येवर मर्यादा असेल तर तेवढी काळजी घ्या की शेवटच्या एक-दोन जागांवर मिळण्यासारखी नावं असतील. आणि मिळालं तरी जाणार नाही असं कॉलेज यादीत टाकूच नका, मग तेच मिळतं आणि घरात रडारड होते.

पायवाट:
आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. निळीशाई मॅडमनी तो अपवाद लिहिला त्याबद्दल धन्यवाद, कारण अशा चर्चांमध्ये सगळे म्हणतात की नावाचं काय घेऊन बसलाय, मूल हुशार असलं की झालं. ज्याच्या घरी काका इंजिनियर, मावशी डॉक्टर, बाबांचे मित्र कंपनीत साहेब, त्याला नावाची गरज कमी असेल, त्याचं अडलेलं काम कुणीतरी ओळखीनं पुढे सरकवतं. आमच्याकडे ओळख म्हणून फक्त कॉलेज होतं. तिथल्या सीनियरनी पहिला सीव्ही बघून दिला, तिथल्या सरांनी शिफारसपत्र दिलं. तेव्हा अशा घरातल्या मुलाला चांगलं नाव मिळत असेल आणि पैशाचं जमत असेल तर डोळे झाकून घ्या असं माझं मत आहे.

दुसरं, आमच्यासारख्या मुलांना न लिहिलेले नियम कुणी सांगत नाही. प्राध्यापकांच्या खोलीबाहेर भेटायची वेळ लिहिलेली असते, ती मुलांसाठीच असते, जायचं असतं, त्यात कमीपणा नाही आणि त्रास दिल्यासारखंही होत नाही. शिष्यवृत्तीची मुदत नोटीस बोर्डावर लागते आणि निघून जाते, ऑफिसात जाऊन स्वतः विचारावं लागतं. आजारी पडून परीक्षा बुडाली तर अर्ज करता येतो पण त्याच आठवड्यात. असल्या गोष्टी चांगल्या घरातल्या पोरांना जेवता जेवता कळलेल्या असतात. ज्यांची मुलं या वर्षी घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणार आहेत त्यांनी प्लीज हे त्यांना वाचून दाखवा.

निळीशाई:
पायवाट, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून वर्गात लावावा असा आहे. भेटायच्या वेळेबद्दल शंभर टक्के. माझ्याकडे त्या वेळेत जी मुलं येतात ती बहुतेक आधीच बरी चाललेली असतात, ज्यांना खरी गरज ती दारावरून पुढे जातात. गेल्या वर्षी एका मुलाला २० पैकी ६ मिळाले. शाळेत कायम नव्वदीतला मुलगा. मी त्याला उत्तरपत्रिका घेऊन ये म्हटलं. आला, आणि आम्ही शेजारी बसून ती वाचली. प्रत्येक गणितात शेवटच्या ओळीपर्यंत सूत्र बरोबर होतं, पण ते सूत्र इथे का लागतं याचं एक वाक्य कुठेच नव्हतं, आणि अट तपासायची राहिली होती म्हणून उत्तर चुकत होतं. शाळेत उत्तराला मार्क होते, इथे कारणाला आहेत, एवढाच फरक त्याला कुणी दाखवला नव्हता. वीस मिनिटं लागली. नंतरच्या परीक्षेत तो वर आला, आणि तो न येता तर "मला गणित जमत नाही" असं ठरवून मोकळा झाला असता.

पालकांनो, पहिल्या परीक्षेत मार्क कमी पडतात. हे इतक्या मुलांचं होतं की मला आता धक्का बसत नाही. त्या दिवशी फोनवर "एवढे पैसे भरले" हे वाक्य बोलू नका एवढीच विनंती. पेपर परत मिळाला का, सरांना दाखवलास का, एवढं विचारा.

सेकंडइयर_चालू:
मॅडम बरोबर बोलल्या 🙏 मी आत्ता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी जाणाऱ्यांसाठी थोडं लिहितो, लांबलंय, सांभाळून घ्या.

पहिले दोन-तीन आठवडे काहीच होत नाहीये असं वाटतं, लेक्चरला सर ओळख करून देतात, पोरं फ्रेशर पार्टीच्या तयारीत, आणि शाळेसारखा रोज गृहपाठ नाही, कुणी वही तपासत नाही, त्यामुळे सगळं निवांत वाटतं आणि एकदम एके दिवशी कळतं की तीन विषयांचे दोन-दोन युनिट होऊन गेले. तेव्हा पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा सिलॅबस आणि मार्कांची विभागणी घेऊन एका कागदावर सगळ्या परीक्षा, सबमिशन, प्रोजेक्टच्या तारखा एकत्र लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. वेगवेगळ्या विषयांच्या तारखा एकाच आठवड्यात कशा येऊन आदळतात ते तेव्हाच दिसतं.

अभ्यासाची पद्धत बदलायला लागते. शाळेत मी तीन वेळा वाचायचो, हायलायटर मारायचो आणि जमायचं. इथे नाही जमत. आमच्या सायकॉलॉजीच्या मॅमनी एक प्रयोग सांगितला होता, रोडिगर आणि कार्पिकी यांचा, २००६ चा. एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. एका आठवड्यानं घेतली तर परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे वाचताना "येतंय येतंय" वाटतं ते फसवं असतं. मी आता लेक्चर झालं की त्याच संध्याकाळी वही मिटून कोऱ्या पानावर आठवेल ते लिहितो, दहा मिनिटं, मग वही उघडून राहिलेलं लाल पेननं भरतो. लाल जे आहे तेवढाच अभ्यास रविवारी. हे साधं वाटतं पण करून बघा खरंच.

आणि दोस्त पहिल्या आठवड्यात पक्के झाले पाहिजेत असं काही नाही. पहिल्या आठवड्यातल्या ग्रुपमधले माझ्याबरोबर आता एकच जण आहे. ज्या क्लबमध्ये खरंच इंटरेस्ट आहे असा एक घ्या, पाच नका घेऊ.

थांबा_जरा:
नमस्कार. मी वाचनमात्र असतो, आज लिहितोय कारण सुचत नाहीये. मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर, हॉस्टेलला, तीन आठवडे झाले. रोज रात्री फोन करते आणि रडते. मला इथे कुणी नाही, सगळ्यांचे ग्रुप झालेत, मला घरी यायचंय. कॉलेज तिनंच निवडलेलं, शाखाही तिच्याच आवडीची. बायकोचं म्हणणं की घेऊन या, एक वर्ष गेलं तर गेलं. मला वाटतं थोडं थांबावं, पण रात्री तो फोन ठेवला की झोप लागत नाही. काय करावं?

अबोली:
दादा, मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. तुमच्यासारखे बाबा मी दर वर्षी बघते, आधी एवढं सांगते की मुलगी रडते पण तुम्हाला फोन करून बोलते आहे, ही चांगली गोष्ट आहे.

मी असते तर आधी हे विचारलं असतं: सकाळी उठून वर्गात जाते का? जेवते का? रात्री फोननंतर झोपते का? दिवसभरात काही बरं घडलं तर ते सांगते का? उत्तरं हो असतील तर ही घराची ओढ आहे, ती बहुतेक मुलींची हळूहळू उतरते, आणि बऱ्याचदा रडण्याची वेळ ठरलेली असते, रात्री घरचा आवाज ऐकला की. फोनची वेळ संध्याकाळी सातच्या सुमारास आणा, जेवणाआधी, म्हणजे फोन झाल्यावर ती मैत्रिणींबरोबर जेवायला जाईल, अंधारात एकटी पडून राहणार नाही. फोनवर "कशी आहेस" विचारलं की रडू येतं, त्यापेक्षा आज लॅबला काय केलं, शेजारच्या खोलीत कोण आहे, असं बारीकसारीक विचारा. आणि पहिले काही आठवडे दर शनिवार-रविवारी घरी आणू नका, हॉस्टेलमधली ओळख सुटीच्या दिवशीच होते, कपडे धुताना, एकमेकींच्या केसांना तेल लावताना.

तिला हेही सांगा की सगळ्यांचे ग्रुप झालेत असं तिच्यासारखंच बाकीच्या निम्म्या खोल्यांमध्ये वाटतंय. नुसता धीर द्यायला सांगत नाहीये. वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले, की सुरुवातीला आपण इथले नाही असं सगळ्यांनाच वाटतं आणि ते जातं. तासाभराचा कार्यक्रम, बस. त्यातल्या आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांचे मार्क पुढची तीन वर्षं सुधारत गेले. परकं वाटणं ही आपल्यातली खोट नाही हे कळल्यानं मुलं टिकतात.

पण दादा, हे पण नीट वाचा. ती वर्गात जायची बंद झाली, जेवण-झोप दोन आठवडे बिघडलेलीच राहिली, फोन घेणं बंद केलं, वस्तू वाटून टाकायला लागली किंवा जगावंसं वाटत नाही असं कुठल्याही शब्दांत म्हणाली, तर त्याच दिवशी निघा. आधी रेक्टरला फोन करून तिला एकटं ठेवू नका म्हणा, मग पोचा आणि डॉक्टरकडे न्या. कुणी त्रास देतंय, सीनियर छळतायत असं काही असेल तरी थांबायचं नाही, लेखी तक्रार करा. तेव्हा वर्ष वगैरे बघायचं नसतं.

थांबा_जरा:
ताई, मनापासून आभार. वर्गात जाते, जेवते, आणि काल लॅबमधल्या एका मुलीचं नाव दोनदा आलं बोलण्यात. फोनची वेळ आजपासून बदलतो. हिलाही तुमचा प्रतिसाद वाचायला दिलाय, ती पण जरा शांत झाली.

अंगणवेल:
शाखा की कॉलेज यावर कुणी बोललं नाही. आमच्याकडे सध्या हेच चाललंय, मोठं कॉलेज पण नावडती शाखा, किंवा मधलं कॉलेज आणि आवडती शाखा.

पायवाट:
शाखा, ताई. तीन-चार वर्षं रोज सकाळी उठून तोच विषय करायचाय. फक्त मुलाला विचारा की आवडते म्हणजे काय माहितीये त्या शाखेबद्दल, तिसऱ्या सेमिस्टरचा सिलॅबस काढून विषयांची नावं वाचायला सांगा. नावं वाचून चेहरा उतरला तर आवड व्हिडिओ बघून आलेली आहे. दोन्ही शाखा सारख्याच वाटत असतील तर मात्र मोठं कॉलेज.

आकडेमोड:
सहमत. आणि पैशाचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर हप्ता शिक्षणानंतर सुरू होतो म्हणजे व्याजही नंतरच सुरू होतं असं धरून चालू नका, करार वाचा. १०० घेतले, व्याज १० टक्के, चार वर्षं काहीच भरलं नाही आणि व्याज मुद्दलात मिसळत गेलं तर पहिल्या हप्त्याच्या दिवशी देणं १४६ असतं. शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलात तर ते १०० च राहतं. आणि हा हिशोब मुलासमोर बसून करा, त्याच्यापासून लपवू नका, घर किती ताणलं जातंय ते अठरा वर्षांच्या माणसाला कळायला हवं, पण टोमणा म्हणून नाही.

निळीशाई:
अंगणवेल, मी पण शाखेच्याच बाजूनं. त्याच्याशी जोडून पालकांना एक सांगायचंय. मला मुलाच्या नावानं मेल येते आणि दोन ओळींत कळतं की ती आईनं किंवा बाबांनी लिहिलीये. हजेरीचं पोर्टल, मेलचा पासवर्ड, असाइनमेंटची मुदत, सगळं घरून चालतं. मुलावरच्या प्रेमापोटीच चालतं हे मला माहिती आहे, पण त्यामुळे दुसऱ्या वर्षात तो मुलगा माझ्यासमोर उभा राहून स्वतःची अडचण सांगू शकत नाही. मेल त्याला लिहू द्या. हवं तर पाठवायच्या आधी वाचून द्या, तेही पहिल्याच सेमिस्टरपुरतं.

रानवाट:
सगळ्यांचे खूप आभार, आमचा फॉर्म काल भरला, मुलीच्या मनातल्या क्रमानं. नियमपुस्तिकेत बघितलं, आधी मार्कच बघतात. आता सीट मिळाली की पैसे भरायच्या आधी काय काय बघून घ्यायचं?

आकडेमोड:
सीट स्वीकारली की पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी उभं राहता येतं का, की ती पक्की होते. प्रवेश रद्द केला तर कुठल्या तारखेपर्यंत किती फी परत मिळते, हे छापील नियमात बघा, खिडकीवरच्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. शाखा बदलता येते का, कधी, किती मार्कांवर. फीमध्ये काय धरलंय आणि हॉस्टेल, परीक्षा, लॅब, डिपॉझिट वेगळं किती, चारही वर्षांचं. मूळ कागदपत्रं जमा करून घेत असतील तर पोच घ्या.

सेकंडइयर_चालू:
आणि मूळ कागदपत्रं द्यायच्या आधी सगळ्यांचे स्कॅन आणि चार-पाच झेरॉक्सचे सेट काढून ठेवा काकू, एक सेट मुलीजवळ राहू दे. पहिल्या महिन्यात बँक खातं, लायब्ररी कार्ड, शिष्यवृत्ती, हॉस्टेल, सगळीकडे तेच तेच मागतात आणि मूळ कागद तेव्हा ऑफिसच्या कपाटात असतात. पासपोर्ट साइजचे फोटो पण जास्त द्या बरोबर.